वाढणं

पुनरुत्थान सोडलं, तर चारही शुभवर्तमानांत आलेला येशूचा चमत्कार एकच: पाच हजारांचं जेवण. त्यातही पाच हजार ही फक्त पुरुषांची गणती. बायकामुलं वेगळी, असं मत्तय सांगतो.

मी दर वेळी एकाच जागी अडखळतो. येशू पाच भाकरी आणि दोन मासे घेतो, वर आकाशाकडे बघतो, आशीर्वाद मागतो, भाकरी मोडतो, शिष्यांकडे देतो. आणि लगेच सगळे जेवून तृप्त! मधलं काहीच नाही. भाकरी वाढल्या कधी? त्याच्या हातात, की पंगतीत फिरताना?

बाकी हिशेब मात्र चोख आहे. शिष्य फिलिप्प म्हणतो, दोनशे दिनारांच्या भाकरींनीही एकेकाला घासभर मिळायचं नाही. दिनार म्हणजे मजुराचा रोज. म्हणजे दोनशे दिवसांची मजुरी. भाकरी गव्हाच्या नव्हेत, जवाच्या, गरिबाघरच्या. त्या एका पोराजवळच्या, हे एकटा योहानच सांगतो. मासळीसाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द भाकरीबरोबरच्या कालवणाचा, आपल्या ‘तोंडी लावण्या’च्या जवळचा. मार्काला हिरवं गवत दिसतं आणि त्यावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नासांनी बसलेली माणसं; त्याचा शब्द बागेतल्या वाफ्यांचा.

काही जण म्हणतात, लोकांनी लपवलेल्या शिदोऱ्या सोडल्या, एवढंच. शक्य आहे. पण मग आधी भुकेची चिंता कशाला? शिवाय ती गोष्ट फार शहाणी होते. महाभारतातल्या अशाच एका गोष्टीत द्रौपदीच्या थाळीतलं भाजीचं पान कृष्णाने खाल्लं आणि दूरवरचे ऋषी न जेवताच ढेकर देऊ लागले. येशूच्या गोष्टीत तसं नाही, इथे प्रत्येक जण खरोखर चावून खातो. वर येशू उरलेले तुकडे गोळा करायला लावतो, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात.

त्या गाळलेल्या जागेवर मला मराठी उपयोगी पडते. आपल्याकडे पानात घालणंही वाढणं आणि जास्त होणंही वाढणंच. शिष्य वाढत होते, भाकरी वाढत होत्या. कोण कशामुळे, हे क्रियापद सांगत नाही.

गालील सरोवराकाठी ताबघा इथल्या चर्चमध्ये वेदीसमोर पाचव्या शतकातलं मोझेक आहे: टोपली, दोन बाजूंना दोन मासे. टोपलीत भाकरी मात्र चारच. पाचवी वेदीवर असते, असं यात्रेकरूंना सांगतात. मला वाटतं, कुणीतरी ती वाढायला घेऊन गेलंय.