चकमकीची झीज

आज्याची चकमक मी एकदा सोनाराच्या काट्यावर तोलून घेतली. अडतीस ग्रॅम भरली. काट्यावरचा आकडा दाखवत तो म्हणाला, "लोखंडाचं वजन कशाला हवंय, ताई?" उरलेल्या लोखंडाचं वजन मला नकोच होतं. गेलं किती, ते हवं होतं.

बोटभर लांबीची पोलादी पट्टी आहे. दोन्ही टोकं आत वळवलेली, त्यामुळे मुठीत घट्ट बसते. गारगोटी जिथे आदळायची त्या कडेला खाच पडली आहे, करंगळीचं टोक मावेल एवढी. ठिणगी दगडातून उडते असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात जळतं ते लोखंड. गारगोटी पोलादाहून कठीण असते. ती पोलादाचा बारीक कीस काढते, आणि घर्षणाने तापलेला तो कीस हवा लागताच पेटतो. म्हणजे आज्याने जन्मभर पाडलेल्या सगळ्या ठिणग्या त्या खाचेतून गेल्या. हे कळलं त्या दिवसापासून मी ती पट्टी वेगळ्या नजरेने हातात घेते.

आम्ही सिन्नर तालुक्यातले. आमच्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात. सिन्नरला आज 'गारगोटी' याच नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, तिथे काचेमागे ठेवलेले स्फटिक बघायला लांबून माणसं येतात. आज्याला त्याची गारगोटी बांधाला सापडली होती. ज्वारीच्या राखणीला रात्री माळ्यावर जाताना कमरेला चंची असायची. तिच्या एका कप्प्यात तंबाखू, एकात चकमक आणि गारगोटी, आणि एका छोट्या नळकांड्यात सावरीचा कापूस. कापूस गारगोटीवर अंगठ्याने दाबून धरायचा आणि वरून चकमक झाडायची. ठिणगी पडली की कापूस पेटत नाही, नुसता धुमसतो. त्याची ज्योत करायची तर वाळलं गवत आणि बरीच फुंकर लागते. पण चिलमीला ज्योत लागतच नाही, इंगळ पुरतो. तो धुमसता कापूस तंबाखूवर ठेवायचा, बुडाशी ओली छापी गुंडाळायची आणि ओढायचं. काडेपेटी गावात कधीच आली होती, तरी आजा शेतात चकमकच वापरायचा. वाऱ्यात काडी विझते. कापसाला मात्र वारा लागला की तो आणखी फुलतो.

चकमक हा शब्द मूळ तुर्की. तुर्कस्तानात आजही लायटरला 'चाकमाक' म्हणतात. आपल्याकडे तो वर्तमानपत्रात उरला आहे, पोलिसांच्या गोळीबाराच्या बातम्यांत. शाळकरी पोरांना चकमक म्हणजे गोळीबार एवढंच ठाऊक असतं, याचं मला वाईट वाटतं.

असल्या वस्तू जमवायला मी नेमकी कधी लागले ते सांगता येणार नाही. पुण्याला शिकायला आले तेव्हा राजा केळकर संग्रहालयात गेले होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून सुमारे २०,००० वस्तू गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सगळा सरकारच्या स्वाधीन केला. तिथले अडकित्ते बघताना माझे पाय थांबले. सुपारी कातरायचं हत्यार, त्याला कुणी पोपट केलं होतं, कुणी घोडा, कुणी स्त्री-पुरुषाची जोडी. व्यसनाभोवती माणसं इतक्या मायेने कारागिरी करत आली आहेत हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं, आणि आज्याची चंची आठवली.

त्यानंतर बुधवार-रविवारचा जुना बाजार. बाईमाणूस चिलमी उलटसुलट करून बघतंय म्हटल्यावर विक्रेते आधी बिचकायचे. एकाने दहा-बारा फेऱ्यांनंतर विचारलं, "घरी कुणी ओढतं का, ताई?" मी अण्णांचं, माझ्या वडिलांचं, नाव सांगितलं. ते खरंही होतं.

मातीच्या चिलमी मला सगळ्यात प्रिय आहेत, कारण त्या टिकणं अवघड. कुंभाराने सहज वळलेली, हातातून निसटली तर संपली. आत काजळी घट्ट बसलेली असते. ती खरवडायची नाही. चिलीम पुन्हा विस्तवात घालायची, काजळी जळून जाते आणि माती तांबडीलाल होऊन बाहेर येते. बिदरी कामाच्या बाबतीत मात्र मी फार मोठी चूक केली. हुक्क्याचा तळाचा, पाणी भरायचा भाग मिळाला होता, काळ्याभोर अंगावर चांदीची वेल. बिदरचे कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यात चांदी ठोकून बसवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर कालवून वरून चोळतात. त्या लेपाने जस्ताचं अंग काळं पडतं, चांदी पांढरीच राहते. मी तो तळ पितळेसारखा चिंचेने घासला. काळा रंग गेला, राखाडी चट्टे उरले. शेकडो वर्षांची विद्या मी पाच मिनिटांत मोरीत घालवली. ते भांडं मी मुद्दाम दर्शनी ठेवलं आहे.

हुक्क्यातली तंबाखू आपल्याकडे येऊन चारशे वर्षं झाली. तंबाखू पोर्तुगीजांनी आणली आणि दख्खनमध्ये ती लवकर रुळली. अकबराचा सरदार असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विजापूरला गेला होता. तिथे त्याने ती पाहिली आणि रत्नजडित नळीसकट आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने तेव्हाच हरकत घेतली होती. पहिल्याच दिवशी एक शहाणा माणूस नको म्हणाला होता, हे मी ज्याला त्याला सांगते.

काडेपेट्यांचे छाप मी लहानपणीच जमवायचे, सगळीच पोरं जमवायची. जहाज, घोडा, टेक्का. अंबरनाथला विमकोचा कारखाना होता, बाकीचा माल शिवकाशीचा. जुन्या पेट्या लाकडाच्या पातळ सालीच्या, निळ्या कागदात गुंडाळलेल्या असत. १९३४ साली सरकारने काड्यांवर अबकारी कर बसवला आणि पेटीवर कराची कागदी पट्टी आली. ती न फाडता पेटी मिळाली तर संग्रहात तिचं मोल वाढतं. माझ्याकडे तशी एकच आहे.

संग्रहातली एक वस्तू मात्र ओढणाऱ्यांची नाही. आजी विड्या वळायची. सिन्नर विडीचं गाव, हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची भिजवलेली पानं, आणि पान कापायला मापाचा पत्र्याचा तुकडा. पान त्या पत्र्याखाली धरून भोवतीने कात्री फिरवायची. आजी गेल्यावर तो तुकडा कुणी मागितला नाही, मी उचलला. त्याची एक कड सुरीसारखी पातळ झाली आहे. तिथे तिचा अंगठा टेकायचा. हुक्के, चिलमी, लायटर बघायला येणारे सगळे पत्रा ओलांडून पुढे जातात. मी त्यांना परत बोलावते आणि तो हातात देते. तिचा खोकला आज्याच्या खोकल्यापेक्षा जुना होता, आणि तिने आयुष्यात एक झुरका घेतला नव्हता.

अण्णांचा लायटर १९७१ च्या सुमाराचा, मुंबईत फुटपाथवर घेतलेला, 'फॉरिनचा'. आत कापूस, त्याला पेट्रोल पाजायचं. टोपण उघडल्याचा खट् आवाज आला की अण्णा घरी आले असं आम्ही समजायचो. लायटरमध्ये चकमकीचा न्याय उलटा असतो. ऑस्ट्रियातल्या आऊअर फॉन वेल्सबाखने १९०३ साली सिरियम आणि लोखंडाचा जो मिश्रधातू काढला, त्याचा बारीक तुकडा आत असतो. दुकानदार त्याला दगड म्हणतात. पोलादी चाक त्या 'दगडा'चा कीस काढतं आणि जळतो तो दगडच. तो संपला की नवा घालायचा. अण्णांनी किती दगड बदलले असतील कोण जाणे. लायटरच्या अंगावर त्याची काही खूण नाही.

ती खूण अण्णांच्या छातीच्या एक्स-रेत निघाली. शेवटचे अकरा महिने घरात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. सिलिंडर ठेवायला आलेल्या मुलाने बजावलं, या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ज्योत नको. देव्हारा शेजारच्याच खोलीत. आईने समई उचलली आणि तुळशीपाशी नेऊन ठेवली, घरातल्या सगळ्या काडेपेट्या गोळा करून मागच्या पडवीत नेल्या. लायटर मी अण्णांच्या उशाखालून काढून घेतला. त्यांनी बघितलं, बोलले नाहीत. रिकाम्या हाताचा अंगठा मात्र ते चादरीवर तसाच फिरवत राहायचे, चाक फिरवल्यासारखा.

आईने माझ्या संग्रहाकडे तेव्हापासून पाठ फिरवली. मी तिला समजावायला गेले नाही. तेराव्यानंतर सिलिंडर गेलं, समई पुन्हा आत आली. आईने ती लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज्याची ती कुठंय?" मी ट्रंकेतून चकमक काढून दिली. तिने खाचेवरून बोट फिरवलं, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ती ठेवली आणि वर हळदकुंकवाचा करंडा सरकवला.

माझ्या हाती आल्यापासून मी ती चकमक एकदाही झाडलेली नाही. प्रत्येक ठिणगीला थोडं लोखंड जातं, आणि ते लोखंड आज्याचं आहे. पण आठ वर्षांची असताना एका रात्री माळ्यावर थंडीत मला झोप येईना, तेव्हा त्याने ती माझ्या मुठीत दिली, वरून स्वतःची मूठ आवळली आणि म्हणाला, "हाण." दहा-बारा वेळा मारल्यावर कापूस धरला. एक ठिणगी माझ्या मनगटावर पडली होती. त्या खाचेत तेवढं लोखंड माझ्या हाताने गेलेलं आहे.