जुम्म्याची मासळी

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात नोकरी करतो. 2023 च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी प्रथमच त्याच्याकडे गेले. "आपा, तू ये तर खरी. जुम्म्याला तुला मासळी खायला नेतो. थेट आपल्या हर्णैची आठवण येईल," असं तो कधीपासून फोनवर सांगत होता. अम्मीही त्यामुळे निश्चिंत होती. परमुलखात पोराला मासळी मिळते, मग हलाल-हरामची चिंता कसली!

जुम्म्याची नमाज झाली आणि संध्याकाळी आम्ही निघालो. भाऊ, भावजय, सात वर्षांचा भाचा, मी आणि शेजारच्या आजी. आजी जर्मन वंशाच्या, कॅथॉलिक, वय ऐंशीच्या घरात. तळ्याच्या काठी लाकडी भिंतींचं जुनं हॉटेल होतं. अशा हॉटेलांना तिथे 'सपर क्लब' म्हणतात. नाव क्लब असलं तरी सभासद व्हावं लागत नाही. घरचेच लोक चालवतात, आणि लोक तिथे पोट भरायला जातात तसे संध्याकाळ घालवायलाही जातात.

दार उघडलं तर समोर बार! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिथली रीतच तशी. आधी बारपाशी बसायचं, पेय घ्यायचं, जेवण काय हवं तेही तिथेच सांगायचं आणि टेबल लागलं की आत जायचं. आजींनी ब्रँडी घेतली, संत्र्याची फोड आणि लाल चेरी घातलेली. भाच्यासमोर तसाच ग्लास आला, तशीच चेरी. त्यात नुसतं गोड सरबत होतं. मुलांच्या या पेयाला 'किडी कॉकटेल' म्हणतात. त्याने आजींच्या ग्लासाला ग्लास भिडवला. मूल अनुकरणातून शिकतं, हे बी.एड.ला मी घोकून लिहिलं होतं. मी पदर सावरला आणि भिंतीवरच्या भुसा भरलेल्या माशाकडे बघत राहिले.

मेनूकार्ड आलं. शुक्रवारचं खास जेवण म्हणजे तळलेला मासा, बटाट्याची धिरडी, सफरचंदाची चटणी, कोबीची कोशिंबीर आणि राय नावाच्या धान्याचा पाव. आमच्याकडे मासळीला तांदळाचं पीठ लावतात, म्हणून सहज, मोडक्या इंग्रजीत विचारलं, "पीठ कशाचं?"

वाढणाऱ्या बाईंनी कौतुकाने सांगितलं, "आमचं बिअरमध्ये कालवलेलं असतं. म्हणून तर इतकं कुरकुरीत होतं!"

भावाने मेनूकार्डातून मान वर केली नाही. भावजय त्याच्याकडे बघत राहिली.

काय झालं ते आजींच्या आधी लक्षात आलं. त्यांनीच त्या बाईंना विचारलं, न तळलेला मासा आहे का? होता. कॉड, शेगडीच्या आचेवर भाजलेला, वर लोणी आणि लिंबू. आम्ही चौघांनी तो मागवला. भाच्याने तोंड वाकडं केलं, त्याला नेहमीचा हवा होता. 'नेहमीचा' हा शब्द मला टोचला. आजींनी स्वतःसाठी मात्र तळलेलाच सांगितला.

टेबलावर मुळा, गाजर, सेलरी, चीज, बिस्किटं यांचं तबक आलं. खिडकीतून तळं दिसत होतं. आजी बोलू लागल्या. त्यांच्या लहानपणी शुक्रवारी मांस खाणं गुनाह होतं. म्हणून मासा. 1966 साली अमेरिकेतल्या बिशपांनी ही सक्ती ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांपुरतीच ठेवली. "मग आता का खाता?" मी विचारलं. त्या हसल्या. "शुक्रवार आहे ना!" कारण उरलं नव्हतं, मासा उरला होता. माझ्या भाच्याकडे पुढे काय उरेल, मासा की कारण, हा विचार घास घेताना मनातून जाईना. मासा मात्र चांगला होता, हे कबूल करायला हवं. थोडं मीठ-मिरची हवी होती, एवढंच.

मगरिबची वेळ साडेआठच्या सुमारास. परतताना आजी आणि भाचा मागे झोपले. भाऊ गाडी चालवता चालवता हळूच म्हणाला, "आपा, पहिल्यांदा आलो तेव्हा विचारावंसं वाटलं होतं. पण सोबत ऑफिसचे लोक होते. नंतर मग विचारायचं राहूनच गेलं."

त्याला रागवायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तालुक्याच्या एका प्रशिक्षणात सगळ्यांदेखत नमाजपुरती खोली मागायला मीच लाजले होते. तीन दिवस जोहर कजा केली. मी काही बोलले नाही.

घरी पोहोचलो तोच अम्मीचा फोन.

"जेवलात का? काय खाल्लंत?"

"मासळी."

"तळलेली ना?"

भाऊ चपला काढता काढता थांबला.

"भाजलेली," मी म्हणाले.

"या अल्ला! भाजलेली? एवढ्या लांब गेलीस आणि साधी तळून दिली नाही त्याने?"

भावाने माझ्या हातातून फोन घेतला. "अम्मी," तो म्हणाला, "ऐक, सांगतो."