मागच्या सीटवर हे!

मैत्रिणींनो, पन्नाशीत मोटरसायकल शिकायची म्हटल्यावर घरात काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा! यांचा गुडघा दुखायला लागल्यापासून गाडी दारात धूळ खात होती. "विकून टाकू," हे म्हणाले. मी शिकाऊ परवाना काढून आले. तो सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतर. तोवर पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा, आणि मागे बसणारा फक्त परवाना असलेला शिकवणारा. म्हणजे हेच! लग्नानंतर पहिल्यांदाच मागे बसले.

पहाटे अंबाझरीकडे जातो. क्लच कसा सोडायचा? तव्यावर भाकरी टाकून हात अलगद काढतो ना, अगदी तस्सा. तिथल्या बुलेटवाल्या पोरी आता ओरडतात, "काकू, दुसरा टाका!" व्हरायटी चौक मात्र अजून बाकी आहे बाई.