निम्मे सरकारचे, निम्मे आपले

वाचकहो, फेब्रुवारी सरता सरता चार दिवसांची रजा टाकली आणि एस.टी.ने सातारा-सांगलीचा एक फेरा मारून आलो. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूरला तिला वारणा भेटते. साधारण तिच्याच वाटेने उतरायचे, मध्ये माणदेशात एक वळसा घालायचा, असा बेत होता. घरी देवदर्शनाचे निमित्त सांगितले होते. खरे काम दुसरेच होते. शेतीखात्यात विस्ताराचे काम करताना ‘अनुदान’ हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला असेल, तितक्या वेळा कुलदैवताचे नावही घेतले नसेल. त्या शब्दाचे पुढे काय झाले, ते एकदा डोळ्यांनी पाहावे असे मनात होते. त्यातही तासगाव तालुक्यात एक घर असे होते, जिथे सहा वर्षे मी तोंड दाखवले नव्हते.

महाबळेश्वरला उतरलेली मंडळी स्ट्रॉबेरीच्या मागे लागतात. मी मांघरची वाट धरली. हे लहानसे गाव १६ मे २०२२ रोजी देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. घरामागे, बांधाला, झाडाच्या सावलीला लाकडी पेट्या दिसतात. आत सातेरी जातीच्या माश्या. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा अशी रानची झाडे फुलली की या माश्यांची सुगी.

खादी व ग्रामोद्योग मंडळाने २०१९ पासून राबवलेल्या मध केंद्र योजनेचा नेम असा, की पेट्या आणि साहित्याच्या खर्चाचा निम्मा वाटा सरकारचा, निम्मा मधपाळाचा. आधी प्रशिक्षण घ्यायचे आणि ‘मी हा व्यवसाय करीन’ असे बंधपत्र लिहून द्यायचे. एका म्हाताऱ्या मधपाळाला विचारले, ‘‘बाबा, सगळेच फुकट दिले असते तर बरे नव्हते का?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘फुकटच्या पेटीला मुंग्या लागल्या तर माणूस उद्या बघू म्हणतो. निम्मे पैसे भरलेल्या पेटीच्या पायाखाली तो रातचा उठून पाण्याच्या वाट्या ठेवतो.’’

त्याचे म्हणणे मला पटले, कारण फुकटाचा अनुभव माझ्या गाठीला आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम शेवटच्या घटका मोजत होता. १९९९ साली तो दुसऱ्या योजनेत विलीन झाला. त्यात अल्पभूधारकाला खर्चाच्या चौथा हिस्सा, अत्यल्पभूधारकाला आणि मजुराला एक तृतीयांश, असे अनुदान असे व बाकीचे कर्ज. कागदावर म्हैस आणि गोठ्यात नुसते दावे, असे प्रकार तेव्हा पुष्कळ पाहिले. पुढे एका गटाला मीच खटपट करून पूर्ण खर्चाची हळद दळायची चक्की मिळवून दिली. फित कापली, फोटो निघाला. दोन वर्षांनी त्या चक्कीत कोंबडी अंड्यावर बसलेली पाहिली. यंत्र उत्तम होते. दळून विकायचे कुठे, हे मात्र आम्ही कोणीच कोणाला विचारले नव्हते.

वाईला घाटावर गणपतीला हात जोडले आणि साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडी करीत म्हसवड गाठले. हा माणदेश. नदी आहे तिचे नाव माणगंगा, पण पाण्याचे म्हणाल तर नावापुरतेच. इथे कुणाला ‘निम्मे तुम्ही घाला’ म्हणणे म्हणजे कोरड्या विहिरीत बादली सोडण्यासारखे. मग हा निम्मा वाटा यायचा कोठून? त्याचे एक उत्तर म्हसवडातच आहे. १९९७ साली इथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी ती हकिकत अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, एवढीच तिची मागणी. आणि इतक्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. तेव्हा बायकांनी आपलीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायका अंगठा उठवणाऱ्या. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नसेल, पण कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तुमच्या माणसांच्या आधी तोंडी सांगतो. परवाना मिळाला.

वाचकहो, ही हकिकत मी कौतुकासाठी सांगत नाही. तिचा आपल्या विषयाशी रोकडा संबंध आहे. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, तिचा हिशेबच पाहा ना. समजा एखाद्या ताईला दहा लाखांचा पापड-शेवयांचा उद्योग टाकायचा आहे. तिने स्वतःचे किमान दहा टक्के, म्हणजे एक लाख घालायचे. नऊ लाख बँकेचे कर्ज. अनुदान ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. (त्याची कमाल मर्यादा दहा लाख होती.) पण ते साडेतीन लाख ताईच्या हातात पडत नाहीत. बँकेत तिच्या नावे वेगळ्या खात्यावर राहतात, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे उद्योग चालू राहिला व कर्ज थकले नाही, तरच कर्जात वळते होतात. नेम कडक आहे, आणि चक्कीत बसलेली कोंबडी आठवली की मला तो रास्तही वाटतो. मात्र या सगळ्याची पहिली पायरी ते एक लाख. ज्या घरात रोजचे वीस रुपये साठवायची सोय नाही, ते घर या पायरीवरूनच परत फिरते आणि आमच्या अहवालात ते कुठेच दिसत नाही. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच मिळते, हा तुमचा नेहमीचा टोमणा मी चावडीवर पुष्कळदा हसून टाळला आहे. म्हसवडातल्या त्या बाईची गोष्ट ऐकल्यावर तो टाळता येत नाही.

म्हसवडहून परत दहिवडी, वडूज आणि मग औंध. डोंगरावर यमाईचे ठाणे, तिथेच औंधकर राजांचे चित्रसंग्रहालय. पायऱ्या चढून दर्शन घेतले आणि सावलीत बसल्याबसल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणरावांना औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळाची जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्ज दिले. साल १९१०. निवडुंगाचा आणि सापांचा तो माळ आज किर्लोस्करवाडी म्हणून ओळखला जातो. स्टेशनाचे नावही तेच झाले. पुसेसावळीवरून मी तिथे पोहोचलो तेव्हा पाळी सुटली होती आणि सायकली-मोटारसायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडत होता. शंभरावर वर्षे झाली, पंप अजून तिथे बनतात.

राजाने दिले ते माळ आणि कर्ज; लक्ष्मणरावांनी घातले ते डोके, हात आणि धीर. धीर म्हणजे किती? लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, आणि त्यांचा पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. आता कोणी विचारील, पंतप्रतिनिधी नसते तर तो माणूस गप्प बसला असता का? त्याने दुसरा माळ शोधलाच असता! प्रश्न खोटा नाही. अनुदान ज्याला दिले, त्याने ते काम तसेही केले असते काय, हे जगभरचे जाणते लोक ताडून पाहतात. येमेन देशात जागतिक बँकेच्या मदतीने लहान धंद्यांना निम्मा खर्च देणारी योजना आली, तेव्हा अर्जदारांमधून चिठ्ठ्या टाकून निवड केली. ज्यांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाही, त्यांची तुलना झाली. पहिल्या वर्षात तरी चिठ्ठी निघालेल्यांनी नवा माल काढणे, जाहिरात करणे अशी कामे जास्त केली आणि त्यांची विक्री वाढल्याचे आढळले. पुढे तिथे यादवी पेटली आणि लांब पल्ल्याचा हिशेब राहून गेला. म्हणजे निम्म्या वाट्याने माणूस जरा पुढे पाऊल टाकतो, इतके धरून चालायला हरकत नाही.

किर्लोस्करवाडीहून तासगाव दूर नाही. पलूस सोडले की द्राक्षबागा सुरू होतात आणि बागांच्या मागे बेदाण्याची शेड. वर छप्पर, बाजूंना वारा खेळता, आत जाळ्यांचे मजल्यावर मजले. द्राक्षे द्रावणात बुडवून त्या जाळ्यांवर पसरतात. ऊन बाहेर, वारा आत. पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाऊस तेवढा आला नाही म्हणजे झाले.

मला जायचे होते ते आबांच्या शेडवर. सहा वर्षांपूर्वी मीच त्यांना म्हणालो होतो, ‘‘आबा, शेड बांधा. चार लाख खर्च, दोन लाख अनुदान. आधी बांधायची, मग तपासणी, मग पैसे. दोन महिन्यांत खात्यावर.’’ आबांकडे दोन लाख होते. उरलेले दोन लाख, दोन महिन्यांचाच तर प्रश्न, म्हणून त्यांनी हातउसने काढले, शेकडा तीन दरमहा. तपासणी झाली, फाईल वर गेली. मग आर्थिक वर्ष संपले, मग एक दाखला जुना ठरला, मग साहेब बदलले. पैसे चौदाव्या महिन्यात आले. मधल्या काळात माझी बदली झाली होती. खरे सांगायचे तर ती मला बरी वाटली होती.

अंगणात पाऊल टाकले तर वहिनी बेदाणा निवडत बसल्या होत्या. मला ओळखून त्यांनी पदर सावरला, घोंगडे टाकले, वाटीत हिरवट बेदाणा आणून ठेवला. मी कसाबसा विचारले, ‘‘वहिनी, ते अनुदान मिळाले ना सगळे?’’

‘‘मिळालं की सायेब. दोन लाख आलं. पर येस्तवर चौऱ्याऐंशी हजार व्याजच झालं हुतं. दोन म्हशी इकल्या.’’

त्या रागावून बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते. तेवढ्यात आबा बागेतून आले. चहा झाला. शेड दाखवायला घेऊन गेले. शेड उत्तम आहे. शेजारचे दोघेतिघे भाड्याने द्राक्षे वाळवतात, त्यातून वर्षाला चार पैसे सुटतात. अवकाळीच्या वर्षी बाजारात माल पडेल त्या भावाने द्यावा लागला नाही, हेही आबांनी आपणहून सांगितले. निघताना मी म्हणालो, ‘‘आबा, माझ्या शब्दावर तुम्ही गुंतलात.’’ ते म्हणाले, ‘‘तुमी खोटं बोलला न्हाईसा, सायेब. तुमाला ठावंच नव्हतं.’’

सांगलीपर्यंतच्या एस.टी.त ते वाक्य माझ्या शेजारच्या बाकावर बसून होते. बी.एस्सी. ॲग्री. झालो, चौऱ्याऐंशी हजारांचा गुणाकार मला येत नव्हता असे नाही. पण आमच्या पत्रकांत दोनच रकाने असतात, सरकारचा हिस्सा आणि लाभार्थीचा हिस्सा. अनुदान येईपर्यंत ते पैसे कोणाचे, आणि त्यांचे व्याज कोणी सोसायचे, हा तिसरा रकाना मी कधी आखलाच नाही.

दुसऱ्या दिवशी हरिपूर. संगमेश्वराचे देऊळ, खाली कृष्णा-वारणेचा संगम आणि गावच्या मळीत ती प्रसिद्ध हळदीची पेवे. जमिनीच्या पोटात खोदलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी यातली पुष्कळ पेवे खराब केली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकन पुराला अडवत नाही.

घाटावर एक तरुण भेटला. त्याची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. राज्याच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात अशा कंपन्यांना मंजूर खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अनुदान देण्याचा नेम होता, हे त्याला तोंडपाठ. हळद पावडरीच्या यंत्राचे दरपत्रक त्याच्या पिशवीतच होते. मी कृषी खात्याचा आहे हे कळल्यावर त्याने ते माझ्या हातात ठेवले आणि विचारले, ‘‘साहेब, आमचा हिस्सा नक्की किती धरायचा?’’

मी त्याला घाटाच्या पायरीवर बसवले. पावडर कोण घेणार ते आधी विचारले. मिरजेचे दोन व्यापारी आणि पुण्यातले एक दुकान, त्यांनी नमुना पाहिला होता, भाव बोलून झाला होता. यंत्राची ऑर्डर अजून दिलेली नव्हती हे ऐकून बरे वाटले. लेखी पूर्वसंमतीआधी केलेली खरेदी पुष्कळ योजनांत धरतच नाहीत. मग दरपत्रक उलटे केले, पाठकोऱ्या बाजूला तीन रकाने आखले आणि तिसऱ्यापासून सुरुवात केली. पैसे चौदा महिने आले नाहीत असे धरून व्याज काढ म्हणालो. त्याने खिशातून मोबाइल काढला, आणि आम्ही दोघे आकडे मांडत बसलो.