हातात मावणारे लखनौ

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी लखनौला उतरतो आणि स्टेशनाबाहेर येताच चारबागची इमारत त्याच्या नजरेत भरते. हारीने उभे असलेले घुमट, त्यांच्या मधून डोकावणाऱ्या छत्र्या. वरून पाहिले, तर हा बुद्धिबळाचा मांडलेला पट दिसतो, असे इथले लोक कौतुकाने सांगतात. आता वरून पाहायला कोण गेले आहे म्हणा! पण एवढ्या मोठ्या इमारतीला बोलता बोलता टेबलावरच्या पटाएवढी करून टाकायची, ही खास लखनवी खोड आहे. आणि ही खोड नुसती बोलण्यापुरती नाही.

रेसिडेन्सीच्या आवारात गेले, की याचा प्रत्यय येतो. ३० जून १८५७ रोजी चिनहटची लढाई झाली आणि त्यानंतर या आवाराला पडलेला वेढा नोव्हेंबरपर्यंत चालला. आज तिथे छप्पर नसलेल्या भिंती आहेत, त्यांवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत आणि सभोवती हिरवळ आहे. कोणती भिंत कशाची, हे फिरताना कळत नाही. मुख्य इमारतीतल्या संग्रहालयात मात्र या साऱ्या आवाराची प्रतिकृती ठेवलेली आहे. बाहेर तासभर भटकून आलेला माणूस तिच्यापुढे थबकतो. ज्या पडक्या ओट्यावर बसून त्याने पाणी प्यायले, तो कशाचा भाग होता हे त्याला इथे उमगते. खऱ्या अवशेषांनी जे सांगितले नाही, ते या छोट्या घरांनी सांगितलेले असते.

लखनौला प्रतिकृतींचे शहर म्हटले तर चुकणार नाही. शाहनजफ इमामबाडा नवाब गाजीउद्दीन हैदर याने इराकमधील नजफच्या दर्ग्याच्या धर्तीवर बांधला. छोट्या इमामबाड्याच्या आवारात महंमद अली शाहच्या मुलीची कबर आहे, ती ताजमहालाची धाकटी बहीणच. मोहरमचे ताजिये म्हणजे तर करबलाच्या दर्ग्याच्या उचलून नेता येण्याजोग्या प्रतिकृती. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, चमकी, अभ्रक, कधी मेण. ज्यांना करबलाची यात्रा घडणे शक्य नव्हते, त्यांच्या दारापर्यंत ती जागा कारागिराने आणून ठेवली. आशुऱ्याच्या दिवशी यांतले कितीतरी ताजिये तालकटोऱ्याच्या करबलात पुरले जातात. महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू अशी मातीला देण्यातले दुःख आणि समाधान गणपती विसर्जन करणाऱ्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

मातीच्या बाहुल्या ही इथली आणखी एक जुनी करामत. एकोणिसाव्या शतकात लखनौचे कारागीर भिश्ती, खानसामे, सुतार, फेरीवाले अशा माणसांच्या वीतभर मूर्ती घडवीत. इंग्रज त्या मायदेशी घेऊन जात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही त्या आहेत. तिथे पुण्याच्या कारागिरांनी केलेल्या मूर्तीही आहेत, हे वाचून आपली कॉलर ताठ व्हायला हरकत नाही! मुंबईकरांना इतक्या लांब जायचीही गरज नाही. राणीच्या बागेजवळच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईतील माणसांचे आणि धंद्यांचे असे मातीचे देखावे काचेआड पाहायला मिळतात.

देखावा हाच शब्द योग्य. इंग्रजीत ज्याला डायोरामा म्हणतात, तो आपल्या घरी दिवाळीत किल्ल्याच्या रूपाने असतोच. मोटारींच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्यांनी आता त्याच वाटेने जाऊन मोटारींसाठी गॅरेज बांधण्याचा छंद धरला आहे. एकेकाळी डिंकी टॉइजचे जुने साचे इंग्लंडहून कलकत्त्याला आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने त्यांतून गाड्या निघाल्या. त्या किंवा आजच्या गाड्या काचेच्या कपाटात एकामागे एक उभ्या केल्या, की दुकान वाटते. तीच गाडी बॉनेट उघडून तेलकट फरशीवर उभी केली, की तिला मालक येतो, मिस्त्री येतो, तक्रार येते.

लखनौचे गॅरेज करायचे तर सुरुवात भिंतीपासून करावी. इथल्या जुन्या इमारती लाखौरी विटांच्या. ही वीट जेमतेम इंचभर जाडीची. मोटारींच्या प्रतिकृतींत १:२४ हे प्रमाण बरेच चालते. त्या प्रमाणात ही वीट एका मिलिमीटरची होते! एकेक वीट कापत बसाल तर दिवाळी उलटून जाईल. त्यापेक्षा सनबोर्डावरचा कागद सोलून आतल्या फोमवर बोथट पेन्सिलीने रेघा ओढाव्यात, वर पातळ विटकरी रंग द्यावा आणि मग जवळजवळ पाण्यासारखा काळा रंग फिरवून पुसून घ्यावा. रेघांत काळे राहते आणि भिंतीला शंभर वर्षे वय येते. छपराच्या पत्र्यासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा, सिमेंटच्या जमिनीसाठी पॉलिश पेपर, गंजासाठी वापरून वाळवलेल्या चहाची बारीक पूड, ऑइलच्या पिंपासाठी टूथपेस्टचे झाकण.

चूक होते ती मापात. अँबॅसडर सुमारे ४.३ मीटर लांबीची, म्हणजे १:२४ मध्ये १८ सेंटिमीटर. त्या हिशेबाने सात फुटी दार ९ सेंटिमीटरचे आणि साडेपाच फुटी मिस्त्री ७ सेंटिमीटरचा. दुसऱ्या खेळण्यातली १० सेंटिमीटरची बाहुली तिथे उभी केली, की पावणेआठ फुटांचा राक्षस गाडी दुरुस्त करताना दिसतो. किल्ल्यावरच्या मावळ्यांत हे खपते, गॅरेजमध्ये खपत नाही. दुसरी चूक स्वच्छतेची. जॅकखाली चकाकणारा काळा डाग नसेल आणि भिंतीवर हातांचे ठसे नसतील, तर ते गॅरेज नव्हे, शोरूम.

आणि अँबॅसडरशेजारी एक स्कूटर हवीच, तीही विजय सुपर. इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ साली सरकारने स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली, ती लखनौतच, कानपूर रस्त्यावर सरोजिनीनगरला. इथून विजय सुपर देशभर गेली. मराठी घरांतही पुढे उभे मूल, मागे आडवी बसलेली आई, अशी ती धावली. सुरू करण्याआधी ती एका बाजूला कलती करणारे वडील अनेकांना आठवत असतील. १९९७ मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबले. विक्रम ही तीनचाकी मात्र इथे पुढेही तयार होत राहिली. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

बाजारात अँबॅसडर तयार मिळते, विजय सुपर मिळणे कठीण. ती स्वतःच करावी लागते. साडेसात सेंटिमीटरची स्कूटर, हँडलला तांब्याची तार, सीटला जुन्या पर्सचे रेक्झिन. मागच्या दोन्ही बाजूंची पत्र्याची झाकणे सर्वांत अवघड, कारण त्यांचा बाक ज्यांनी पाहिला आहे त्यांना चूक लगेच कळते. घरात जुना फोटो असेल तर तो समोर ठेवावा आणि एक झाकण काढून जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवावे. मिस्त्री चहाला गेला आहे, एवढे त्यावरून समजते.