टिकलीची नऊ पिल्लं



गेल्या चातुर्मासापासून मंदिरात कुणी ना कुणी विचारतंच, "काय गं, तुमच्या घरात कुत्रीनं पिल्लं घातली म्हणे? आणि सासूबाईंनी चालवून घेतलं?" दरवेळी पायरीवर उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

टिकली आम्ही विकत आणलेली नाही. धाकट्या दिरांच्या मित्राची परगावी बदली झाली, तिथं फ्लॅटमध्ये कुत्रं चालेना, म्हणून "दोन महिने ठेवा" असं सांगून तो तिला आमच्या परसात सोडून गेला. तीन वर्षांची डाल्मेशियन, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. पंधरा दिवसांत तिचं पोट दिसायला लागलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि हसत म्हणाले, "वहिनी, पाहुणी एकटी आलेली नाही." मित्राला फोन केला तर त्याला पत्ताच नव्हता. कुत्रीचे दिवस साधारण ६३ असतात. हिशेब केला तर बाळंतपण बरोबर आषाढातल्या अष्टाह्निकेत येत होतं. गावात महाराजांचा चातुर्मास ठरलेला, आमच्याकडे चौका लागायचा, आणि परसात कुत्रीचं बाळंतपण!

सासूबाई दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोटुशी बाईला कुणी घराबाहेर काढतं का? चौका यंदा जाऊबाईंकडे लावू. पिल्लांचं रडणं ऐकू येऊन आहारात अंतराय नको." प्रश्न मिटला.

डॉक्टरांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे थर्मामीटर. शेवटच्या आठवड्यात कुत्रीचा ताप सकाळ-संध्याकाळ बघायचा. तो ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की चोवीस तासांत कळा सुरू होतात. तसंच झालं. दशमीच्या रात्री अकराला पहिलं पिल्लू आणि पहाटे पाचला नववं. पांढरीशुभ्र, एकाच्याही अंगावर ठिपका नाही. सासूबाई म्हणाल्या, "ही कुठल्या गावची डाल्मेशियन? हिच्या पोरांना टिकल्या कुठायत?" डाल्मेशियनची पिल्लं जन्मतः कोरीच असतात. ठिपके दुसऱ्या आठवड्यात उमटायला लागतात, आधी फिकट, मठ्ठ्यावर जिरेपूड भुरभुरावी तसे, मग रोज थोडे गडद. तोवर नऊ सारखी पिल्लं ओळखायची कशी? मुलीनं प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल धागा बांधला. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या जुन्या काट्यावर वजन करायचं आणि वहीत रंगापुढं लिहायचं. साडेतीनशे ग्रॅमची पिल्लं आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवीत. ज्याचं वजन दोन दिवस हलत नाही त्याच्याकडे लक्ष द्यायचं, ते रडत नसलं तरी.

खरी अडचण ऊबेची. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, खोक्यात ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. बाहेर आषाढाचा पाऊस. डॉक्टर म्हणाले, शंभरचा बल्ब टांगा. मैत्रिणींनो, पावसाळ्यात रात्रभर बल्ब म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाखरं, चिलटं, सकाळी खाली नुसता खच. नऊ जीव वाचवायला शेकडो मारायचे का, असं सासूबाईंनी विचारलं, आणि मला ते पटलं. आम्ही गरम पाण्याच्या चार रबरी पिशव्या घेतल्या, त्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळल्या आणि दर तीन तासांनी पाणी बदललं. रात्री बारा, तीन आणि सहा. हे आणि मी पाळी लावून उठायचो. सोपं नव्हतं, पण खोक्यात हात घातला की कळायचं : पिल्लं एकमेकांवर ढीग करून कण्हत असतील तर गार वाटतंय, पसरून झोपली असतील तर ठीक आहे.

लाल धाग्याचं पिल्लू मात्र चढलंच नाही. त्याला आधी पाजलं, ड्रॉपरनं पिल्लांच्या पावडरचं दूध दिलं, डॉक्टर घरी येऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते सासूबाईंच्या मांडीवर गेलं. त्यांनी त्याच्या कानाशी णमोकार म्हटला आणि मग मुलीला जीवंधरकुमारांची गोष्ट सांगितली, मरणाऱ्या कुत्र्याला त्यांनी मंत्र ऐकवला आणि तो सुदर्शन यक्ष झाला ती. मुलगी म्हणाली, "पण आज्जी, याचे कान अजून उघडले नव्हते." पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात आणि कान त्याच्याही नंतर. सासूबाईंना उत्तर सुचलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मी माझं काम केलं."

आता खाण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. "मांस न घालता कुत्रं कसं पाळता?" कुत्रा मिश्राहारी आहे, नीट आखलेल्या शाकाहारावर तो जगू शकतो. मांजराचं तसं नाही, त्याच्या शरीराला मांसच लागतं, म्हणून मांजर मी घरात आणणार नाही आणि आणून त्याला उपाशी धर्म शिकवणार नाही. डाल्मेशियनची तर आणखी एक गंमत आहे. इतर कुत्र्यांच्या यकृतात युरिक ॲसिडचं पुढं ॲलँटॉइन होतं आणि ते लघवीत सहज विरघळतं. या जातीत ते नीट होत नाही, युरिक ॲसिड तसंच लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होतात. म्हणून काळीज-कलेजीसारखे पदार्थ यांना डॉक्टरच मना करतात. दही, पनीर, भात, लाल भोपळा आणि भरपूर पाणी चालतं. डाळसुद्धा बेतानं. शिवाय कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका! "बघ, टिकली योग्य घरी आली." पण त्याच दमात सांगते, मनुका आणि बेदाणेही कुत्र्याला विषारी आहेत. प्रसादाचा शिरा प्रेमानं भरवू नका.

आणि कृपा करून असंही समजू नका की वरणभातावर पिल्लं वाढतात. पाजणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. डॉक्टरांनी अंडं सुचवलं, आम्ही नाही म्हटल्यावर त्यांनी पनीर, दही, तयार शाकाहारी खाद्य आणि वरून पूरक पावडर असं मोजून लिहून दिलं आणि दर आठवड्याला टिकलीचं वजन बघितलं. ते घसरलं असतं तर आम्हाला वेगळा विचार करावा लागला असता, हे मी आधीच घरात बोलून ठेवलं होतं. घसरलं नाही. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना चार वेळा मऊ खाणं : सात, अकरा, तीन आणि सहा. शेवटचं सूर्यास्ताआधी. त्यामुळं रात्रीची घाणही कमी झाली, ही रात्रिभोजन त्यागाची फळं मला आधी माहीत नव्हती.

जंतांच्या औषधावरून मात्र घरात खरा वाद झाला. पिल्लांना गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी औषध द्यायचं. ते जंत माणसांच्या लेकरांनाही बाधतात. सासूबाई म्हणाल्या, "तेही त्रसजीवच की गं." मी म्हटलं, "आई, आपण मारायच्या हौसेनं करत नाही. संकल्पी हिंसा वेगळी आणि पदरात पडलेल्या जिवाला राखताना घडणारी वेगळी. औषधदान नाही का हे?" त्या म्हणाल्या, "वेगळी आहे, पण हिंसा नाही असं म्हणू नकोस." दोघींचं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. औषध दिलं. दर खेपेला त्या बाजूला बसून नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग करायच्या, पिल्लं आपली खोक्यात उड्या मारायची.

भोळ्याचं कळलं पाचव्या आठवड्यात. मुलीच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. सात पिल्लं दचकून पळाली, निळ्या धाग्याचं झोपूनच राहिलं. मग आम्ही त्याच्या पाठीमागं टाळ्या वाजवल्या, डबा वाजवला. काही नाही. त्याचा एक डोळा निळा होता. डॉक्टरांनी सांगितलं, या जातीत हे असतं. ज्या रंगपेशींअभावी अंग पांढरं राहतं त्याच पेशी कानाच्या आतही लागतात, त्या नसल्या तर आतली ऐकण्याची यंत्रणा तीन-चार आठवड्यांतच मरते. अमेरिकेतल्या तपासण्यांत साधारण ८ टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी आणि २० टक्क्यांहून जास्त एकाच कानानं बहिरे निघाले आहेत. एका कानाचं घरी ओळखू येत नाही, त्याला यंत्रावरची चाचणी लागते आणि ती आमच्या गावात नाही. म्हणजे बाकी सातांतही एखाद-दुसरं तसं असू शकतं, हे पिल्लू नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगितलं.

एका जाणकार गृहस्थांचा फोन आला. पिल्लं बघायला येणार होते. भोळ्याचं ऐकून म्हणाले, "त्याला झोपवून टाका. असं कुत्रं दचकून चावतं. परदेशात असंच करतात." खोटं नव्हतं ते, डाल्मेशियन पाळणाऱ्यांत तिकडं कित्येक वर्षं हाच सल्ला दिला जायचा. मी फोन ठेवला आणि त्यांना पिल्लू द्यायचं नाही असं ठरवलं. फार विचार करावा लागला नाही. त्याला दुखत नव्हतं, ते जेवत होतं, भावंडांच्या शेपट्या ओढत होतं. त्याचं काय चुकलं होतं?

पैशांचा विषय निघाला तो ठिपके दिसायला लागल्यावर. फोन यायला लागले, प्रत्येकी पंधरा-वीस हजारांची बोली. यांनी एकदाच म्हटलं, "दवाखान्याचा खर्च तरी निघेल." पण पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात श्रावकानं टाळायच्या धंद्यांत असतीपोषही आहे, हिंसक प्राणी पोसून त्यांच्यावर पैसा मिळवणं. सिनेमातले ठिपके बघून हौसेनं कुत्रं घेणारी माणसंही मला नको होती. हा बग्ग्यांबरोबर मैलोन्‌मैल पळणारा कुत्रा, त्याला दिवसभर गॅलरीत कोण ठेवणार? तेव्हा विकायची नाहीत, घर बघून द्यायची. आठ आठवड्यांच्या आत तर नाहीच. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांतही त्याआधी पिल्लू विकायला मनाई आहे, आणि आईकडून, भावंडांकडून चावायचं किती, थांबायचं कधी हे पिल्लू शेवटच्या तीन आठवड्यांतच शिकतं.

आठ आठवडे दशलक्षणात भरले. क्षमावाणी होऊ दिली, मग एकेक पिल्लू दिलं. प्रत्येकाबरोबर लसीचं कार्ड आणि सासूबाईंनी सांगितलेली, मुलीच्या अक्षरातली एक चिठ्ठी. अहिंसाव्रताचे पाच अतिचार : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. खाली मराठीत, करकचून बांधू नका, मारू नका, शोभेसाठी कान-शेपूट-नखं कापू नका, झेपणार नाही एवढं काम घेऊ नका, खाणंपाणी तोडू नका. दोन पिल्लं अजैन शेतकरी घरांत गेली. त्यांनीही चिठ्ठी गोठ्याच्या दारावर चिकटवली आहे, बैलांसाठीही चालते म्हणाले.

मित्रानं टिकली परत मागितलीच नाही. तिचं दूध आटल्यावर आम्ही तिचं ऑपरेशन करून घेतलं. हा छेद की दया, यावर घरात अजून एकमत नाही. मी करून घेतलं कारण पुढच्या नऊ पिल्लांना घरं मिळतीलच याची हमी मला देता येत नव्हती.

भोळ्या आमच्याकडेच राहिला. त्याला हाक मारता येत नाही, म्हणून फरशीवर पाय आपटायचा, की कंप कळून तो मान वळवतो. झोपेतून उठवताना आधी नाकाशी हात न्यायचा, वास आला की शांतपणे डोळे उघडतो. आजवर कुणाला चावलेला नाही. सगळं खुणांनी. हात जोडले की बसायचं, ही खूण सासूबाईंची, त्यामुळं दारात पाहुणे आले आणि त्यांनी जय जिनेंद्र केलं की हा लगेच बसतो आणि लोकांना वाटतं काय संस्कार आहेत! बाहेर मात्र त्याला दोरीशिवाय सोडत नाही. सासूबाईंनी बंधाची आठवण करून दिली होती. मी म्हटलं, मागून येणारा ट्रॅक्टर त्याला ऐकू येत नाही. तेव्हापासून संध्याकाळी दोरी त्याच धरतात, सैल. परत आल्यावर तो त्यांच्या मांडीवर चढून हनुवटी बरोबर त्यांच्या गळ्याखाली टेकवतो, आणि त्या जपाची माळ हातात घेऊन मोठ्यानं णमोकार म्हणत बसतात, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं.