फक्त जरासा धक्का



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी विचारपूस केली. कारण साधं होतं. जे लिहायचं होतं ते आधी एका माणसाच्या घरी जाऊन सांगायचं राहिलं होतं. ते आता झालं, म्हणून लिहितो.

गेल्या सप्टेंबरात आम्ही नवराबायको मुलाकडे अमेरिकेत होतो. तो टेनेसी राज्यात, ब्रिस्टल नावाच्या गावाजवळ राहतो. या गावाचा मुख्य रस्ता म्हणजेच दोन राज्यांची हद्द. एका बाजूची दुकानं टेनेसीत, समोरची व्हर्जिनियात, आणि रस्त्याच्या मधोमध पितळी खुणा बसवलेल्या. आम्ही पडलो बेळगावची माणसं. मी तिथे उभा राहून बराच वेळ इकडून तिकडे बघत होतो. लोक खुशाल रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात कॉफी प्यायला जात होते. बायको म्हणाली, "बघितलंत? हद्द आहे, पण तंटा नाही." मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईल.

त्या शनिवारी मुलगा म्हणाला, "पप्पा, रात्री स्टॉक कारची शर्यत आहे. चला, असं काही तुम्ही बघितलेलं नसणार." सकाळी उपासनेला जायचं म्हणून बायकोने जरा कुरकूर केली, पण निघालो.

स्टॉक कार म्हणजे मूळची दुकानात मिळणारी साधी गाडी. पूर्वी लोक तीच पळवत. आता आतून सगळं शर्यतीसाठी बनवलेलं असतं, बाजारातल्या गाडीचा फक्त आकार उरला आहे. दारं उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवे तर चक्क चिकटवलेले स्टिकर असतात. रात्रीची शर्यत, आणि एकाही गाडीला स्वतःचा दिवा नाही! सगळा उजेड वरून, खांबांवरून येतो. एवढ्या एका गोष्टीवरही प्रवचन होईल, पण ते पुन्हा कधीतरी.

ब्रिस्टलचा ट्रॅक १९६१ साली सुरू झाला आणि १९७८ पासून तिथे दरवर्षी एक शर्यत रात्री होते. एका फेरीची लांबी साडेआठशे मीटरच्या किंचित वर, म्हणजे शाळेच्या मैदानावरच्या चारशे मीटरच्या धावपट्टीच्या दुप्पट आणि थोडी जास्त. तेवढ्या जागेत पस्तीस-चाळीस गाड्या, पाचशे फेऱ्या, आणि एक फेरी साधारण पंधरा-सोळा सेकंदांत. वळणावर काँक्रीटचा रस्ता कौलारू छपरासारखा कललेला. चारही बाजूंनी उंच बैठका, मध्ये ही वाटी. गाड्या सुटण्याआधी सगळे उभे राहिले, टोप्या काढल्या, आणि माइकवरून प्रार्थना झाली. मला बरं वाटलं. मग इंजिनं सुरू झाली आणि माझी छाती आतून थरथरायला लागली. रबर जळाल्याचा वास, पेट्रोलचा वास, आणि वळणाआधी ब्रेक दाबला की चाकांच्या आत लाल निखारा दिसायचा.

मुलाने भाड्याने हेडफोन आणले होते. त्यात ड्रायव्हर आणि त्याच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं. ड्रायव्हर पट्ट्यांनी इतका आवळलेला असतो की त्याला मान वळवून बाजूला बघता येत नाही. म्हणून त्याचा एक माणूस उंचावर उभा राहून सांगत असतो: आतल्या बाजूला गाडी आहे, अजून आहे, आता मोकळं. त्याला 'स्पॉटर' म्हणतात. मी मुलाला विचारलं, "याचं ऐकलंच नाही तर?" तो म्हणाला, "मग शेजारचा भिंतीवर जातो, पप्पा. आणि बरेचदा आपणही."

शर्यतीत गाड्या एकमेकींना घासत होत्या, ढकलत होत्या. पुढच्याच्या मागच्या बंपरला वळणावर हलका धक्का द्यायचा, तो जरा वर सरकला की खालून पुढे निघून जायचं, ही इथली जुनी रीत. घरी येताना मुलाने तिथली एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली, आणि पोचल्यावर तिचं चित्रीकरणही दाखवलं.

२८ ऑगस्ट १९९९ ची रात्र. याच ट्रॅकवर डेल अर्नहार्ट आणि टेरी लबाँटी. अर्नहार्ट सात वेळचा विजेता, काळी तीन नंबरची गाडी, समोरच्याला धाकात ठेवणारा म्हणून प्रसिद्ध. लबाँटी दोन वेळचा विजेता, शांत डोक्याचा, म्हणून त्याला बर्फासारखा माणूस म्हणत. चार वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर अर्नहार्टने त्याला शेवटच्या क्षणी ठोकलं होतं, पण तेव्हा लबाँटीची गाडी तशीच वेडीवाकडी घसरत रेषेपार गेली आणि जिंकली. या खेपेला शर्यत संपत आली असताना पुढे असलेला लबाँटी मागून धक्का लागून फिरला. तो आत गेला, नवे टायर घालून आला, आणि राहिलेल्या पाच फेऱ्यांत एकेकाला मागे टाकत शेवटची फेरी सुरू होताना अर्नहार्टच्याही पुढे गेला. पुढच्याच वळणावर अर्नहार्टने त्याला मागून धक्का दिला. लबाँटीची गाडी गरकन फिरली. अर्नहार्ट जिंकला.

आणि लाखाच्या वर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यात त्याला मानणारेही होते. त्यावर तो जे बोलला ते तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. अर्थ असा, की त्याला मला फिरवून टाकायचं नव्हतं, फक्त जरा हादरवायचं होतं.

मुलगा हसला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो.

आता माझी गोष्ट सांगतो. आमच्या मंडळीत उपासना दोन भाषांत होते, मराठीत आणि कन्नडमध्ये. मंदिर एक, रविवारची नऊची सोयीची वेळ एक. ती वर्षानुवर्षं कन्नड उपासनेला होती, आमची सातला. थंडीपावसात आमच्या म्हाताऱ्या माणसांना सातला येणं जड जात होतं. आमची मागणी रास्त होती, हे मी आजही म्हणतो. पण कमिटीत खजिनदार होते एक कन्नडभाषक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचा विरोध होता, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते उभे राहिले की चार मराठी मतंही तिकडे झुकायची.

सभेत ते बोलत असताना मी मध्येच म्हणालो, "मास्तर, वेळेचं नंतर बघू. आधी सुगीच्या सणाचा हिशेब तरी मांडा."

बस, एवढंच. हिशेब उशिरा होत होता कारण त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी आयुष्यात मंडळीच्या एका रुपयालाही हात लावला नसेल, हेही माहीत होतं. माझ्या दोन्ही मुलांना संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलं. मला त्यांना चोर म्हणायचं नव्हतं. त्यांचा तोल जरा जावा आणि मत आमच्याकडे फिरावं, इतकंच हवं होतं. मास्तर दोन मिनिटं उभे राहिले, मग खाली बसले. मत आमच्या बाजूने पडलं. पुढच्या आठवड्यात त्यांचा राजीनामा आला, आणि त्यांनी मंदिरात येणंही बंद केलं.

प्रियांनो, अर्नहार्टवर लोक ओरडले तरी. माझ्या पाठीवर लोकांनी थाप मारली. "बरं केलंत, कुणीतरी बोलायला हवंच होतं." हुर्यो उडाली नाही, म्हणून मला कळायला एक वर्ष लागलं. खरं तर त्याच रात्री घरी येताना बायको म्हणाली होती, "मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं नाही तुम्ही." म्हणजे माझाही स्पॉटर सांगत होता. मी ऐकलं नाही.

ब्रिस्टलच्या ट्रॅकबद्दल मुलाने आणखी एक सांगितलं. १९९९ मध्ये तिथे वेगाची वाट एकच होती, अगदी आतल्या कडेची. म्हणून पुढे जायचं तर ढकलल्याशिवाय गत्यंतर नसे. २००७ मध्ये वळणांचा उतार बदलून रस्ता असा केला की दोन गाड्या शेजारी-शेजारी धावाव्यात. धक्काबुक्की कमी झाली. आणि प्रेक्षकांची तक्रार आली, की आता मजा नाही! शेवटी २०१२ मध्ये वरचा भाग पुन्हा घासून बदलला. मी विचार करत राहिलो. आमच्या मंडळीतही वाट एकच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. दुसरी वाट आहे का, हे कुणी विचारलं नाही, कारण आतून आम्हालाही धक्काबुक्कीची थोडी गोडी लागली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथल्या मंदिरात प्रभुभोजन होतं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू वेदीजवळ अर्पण घेऊन आलेल्या माणसाबद्दल बोलतो, ते मला आठवलं. मी ते किती वेळा वाचून दाखवलं असेल! पण आजवर वाचताना मनात यायचं, माझा कुणावर राग आहे का? नाही, मग मी मोकळा. प्रभूचा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, हे तो विचारतो. माझा मास्तरांवर राग कधीच नव्हता. राग असण्याचा हक्क त्यांचा होता. मी जागेवरच बसून राहिलो. भाकर पुढे गेली.

घरी आल्यावर मुलाने अर्नहार्टचा शेवट सांगितला. त्या रात्रीनंतर दीड वर्षाच्या आत, १८ फेब्रुवारी २००१ रोजी, डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत गाडी भिंतीवर आदळून तो गेला. डॅरेल वॉल्ट्रिप या ड्रायव्हरच्या पत्नी स्टीव्ही शर्यतीआधी त्याला बायबलचं एक वचन लिहून देत असत, आणि तो ते गाडीत ठेवी. त्या दिवशीचं वचन नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायातलं दहावं होतं, देवाच्या नावाच्या भक्कम आसऱ्याचं. जगाला धाकात ठेवणारा माणूस, पण आसरा त्यालाही लागत होता. मला दुसरंच काही टोचलं. शेवटची फेरी कोणती, हे धावणाऱ्याला ठाऊक नसतं. मास्तर पंच्याहत्तरीचे, मी पासष्टीचा. परत यायला तीन आठवडे होते. फोन करावासा वाटला, पण धक्का समोरासमोर दिला होता, माफी फोनवर कशी मागायची? रोज एकच प्रार्थना केली, प्रभू, आम्हा दोघांना तेवढे दिवस दे.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो. दार मास्तरांनीच उघडलं. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बा तम्मा, कूड." ये रे भावा, बस. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, "मास्तर, मला ठाऊक होतं तुमचा हिशेब चोख आहे. ठाऊक असून बोललो. मला क्षमा करा."

ते आत गेले. वही घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवली. "बघ," म्हणाले. मी म्हणालो, "नको मास्तर, गरज नाही." ते म्हणाले, "तुला नसेल. मला आहे." मग त्यांनी एकेक पान उलटलं आणि मी एकेक पान बघितलं. भाजीचे पैसे, मांडववाल्याचे पैसे, नारळ, लिलावात आलेली रक्कम. शेवटच्या पानावर तारीख होती. आमच्या सभेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळा हिशेब पुरा केला होता, आणि वर्षभर ती वही घरात ठेवली होती. ती कुणी मागायला आलंच नव्हतं.

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. मग आतून चहा आला.

एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. "तू चार भिंतींत मागितलीस, मी चार भिंतींत दिली. पण बोललास सगळ्यांपुढे." बरोबर होतं. पुढच्या कमिटीत मी उभा राहिलो आणि जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. पाठीवर थाप मारणारे खाली बघत होते. ती सभा मला जड गेली, पण त्या रात्री झोप लागली. आता सहा महिने नऊची वेळ मराठीला, सहा महिने कन्नडला, असं ठरलं आहे. हे वर्षापूर्वीही सुचलं असतं. मास्तर कमिटीत परत आले नाहीत. उपासनेला मात्र येतात, मागच्या बाकावर बसतात. पुढे बसा असं मी म्हणत नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

आपल्यापैकी कुणी कुणाला असाच "फक्त जरासा" धक्का दिला असेल, सभेत, घरात, भावकीच्या वाटणीत, तर तो माणूस आता कुठे आहे, एकदा वळून बघा. स्वतःला दिसत नसेल, तर शेजारी बसलेल्याला विचारा.

हे प्रभू, माझ्या हेतूच्या आड मी लपतो. माझ्या धक्क्याने जो पडला त्याच्याकडे बघण्याचं धैर्य मला दे. अजून फेरी शिल्लक आहे तोवर त्याच्या दारी जायला मला पाय दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.